तागडीचा पासंग: पिकाच्या अंदाजाचीं शंभर वर्षें

[नभोवाणीवर केलेलें भाषण]

थंडीचे दिवस आले कीं आमच्या निफाडचें नांव साऱ्या महाराष्ट्रांत ऐकूं येऊं लागतें. एरवीं लासलगांवच्या कांद्याचा भाव चढल्याखेरीज ज्यांना आमच्या तालुक्याची आठवण होत नाहीं, असे लोकही सकाळच्या बातम्यांत ‘राज्यांतील सर्वांत कमी तपमान निफाड येथें’ हें वाक्य ऐकतात आणि अंगावरची शाल सांवरून घेतात. मग मुंबईपुण्याच्या आप्तांचे दूरध्वनि सुरू होतात. “काय मास्तर, गोठलांत कीं काय?” मी त्यांना सांगतों, “अहो, ज्या पाऱ्याचें तुम्ही ऐकलेंत तो कुंदेवाडीच्या गहूं संशोधन केंद्राच्या उघड्या शिवारांतला. मी राहतों गल्लींत, चारही बाजूंना घरें. माझ्या अंगणाची थंडी त्या पाऱ्याला ठाऊक नाहीं.”

‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘नेत्रावती’ या गव्हाच्या जाती ज्या केंद्रानें शेतकऱ्याला दिल्या, त्या केंद्रांतला पारा खोटें बोलत नाहीं. तो आपल्या जागेपुरतें खरेंच सांगतो. परंतु एका जागेचें खरें साऱ्या तालुक्याचें खरें कधीं ठरतें आणि कधीं ठरत नाहीं, हा प्रश्न मला मास्तरकीच्या सबंध काळांत सतावीत आला. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संख्याशास्त्र मीं कोणत्याही कॉलेजांत शिकलेलों नाहीं. पण ज्या तालुक्यांत पिकाच्या अंदाजावर माणसांची वर्षाची भाकरी अवलंबून असते, तेथें हा विषय पुस्तकांतून न आला तरी बांधावरून चालत घरीं येतो. तो मजकडे कसा आला, आणि गेल्या शंभर वर्षांत आपल्या देशांत त्याचा काय इतिहास घडला, तें आज सांगावयाचें आहे.

आपल्या घरांत या शास्त्राचा पहिला धडा गृहिणीच देते. शितावरून भाताची परीक्षा, असें आपण म्हणतों. पातेल्यांतलें एक शीत बोटानें दाबून ती सबंध पातेल्याविषयीं निर्णय देते, आणि तो सहसा चुकत नाहीं. कां चुकत नाहीं? कारण उकळत्या पाण्यानें सारा तांदूळ वरखालीं झालेला असतो, आणि एकाच विस्तवाची आंच साऱ्यांना लागलेली असते. वर आलेलें शीत तळच्या शितासारखेंच असतें. आतां शेताचा विचार करा. शेत कोणी ढवळून ठेवीत नाहीं. विहिरीजवळचें पीक हिरवेंगार, मुरमाड उंचवट्यावरचें खुरटलेलें, ओढ्याकडेचें पुरानें झोपलेलें. तेथें एक शीत पाहून भाताविषयीं बोलणें धोक्याचें असतें. तें शीत कोणी उचललें आणि कोठून उचललें, यावरच सारें ठरतें.

अशा अंदाजांत दोन प्रकारच्या चुका होतात. त्या वेगळ्या ओळखतां याव्या म्हणून मी वाण्याच्या तागडीचा दृष्टांत घेतों. एका वाण्याचा हात थरथरतो. त्याच्या हातून शेरभर साखर कधीं थोडी जास्त येते, कधीं थोडी कमी. पण वर्षभराचा हिशेब केला तर तुमचें फारसें नुकसान झालेलें नसतें. दुसऱ्या वाण्याचा हात स्थिर आहे, मात्र त्याच्या तागडीला पासंग आहे. तो प्रत्येक वेळीं अगदीं तितकीच साखर देतो, आणि प्रत्येक वेळीं छटांकभर कमी देतो. पहिल्याची चूक डोळ्याला दिसते, दुसऱ्याची दिसत नाहीं. उलट त्याच्या मापांतला सारखेपणा पाहून गिऱ्हाईक त्यालाच सचोटीचा समजतें. शास्त्राच्या परिभाषेंत पासंगाला अभिनति म्हणतात, आणि थरथरीला विचरण. आपण आज पासंग आणि थरथर हेच शब्द वापरूं.

या दोन चुकांत मोठा भेद आहे. थरथरीवर उपाय आहे: पुष्कळ वेळां मोजा आणि सरासरी घ्या. पासंगावर हा उपाय चालत नाहीं. पासंगाची तागडी हजार वेळां वापरली तरी पासंग हजार वेळां तसाच राहतो. मोजमापांची संख्या वाढली म्हणजे खरेपणा वाढला, हा समज अर्धाच बरोबर आहे, आणि त्या अर्ध्या समजानें आपल्या देशांतल्या शेतकऱ्याचें फार नुकसान झालेलें आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्यांत पिकाचा अंदाज आणेवारीनें होत असे. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. पाटील, तलाठी, मामलेदार हे बांधावरून नजर टाकीत आणि ‘यंदा बाजरी आठ आणे’ असा कौल देत. इलाख्याचें एकंदर उत्पन्न तीन संख्यांच्या गुणाकारानें काढीत: पेरलेलें क्षेत्र, सर्वसाधारण वर्षाचें एकरीं उत्पन्न आणि आणेवारी. आपल्याकडे रयतवारीमुळें शेतांची मोजणी झालेली होती, तेव्हां पहिली संख्या बरीचशी भरंवशाची. दुसरी संख्या पूर्वींच्या कागदांतून आलेली. तिसरी मात्र निव्वळ नजरेची. आणि त्या नजरेवरच सारा वसूल व्हावा कीं तहकूब व्हावा, हें ठरत असे. म्हणजे ज्या संख्येला मापाचा आधार सर्वांत कमी, तिच्याच हातीं कुटुंबाचें भवितव्य होतें.

नजरेला पासंग कसा येतो? पाटील गांवचा माणूस. त्याला गांवांतच नांदावयाचें असतें, म्हणून त्याचा आंकडा खालीं झुकतो. वरच्या अधिकाऱ्याला वसुलीचा जाब द्यावयाचा असतो, म्हणून त्याचा आंकडा वर झुकतो. त्यांत कोणी लबाड असलाच पाहिजे असें नाहीं. माणूस जेथें उभा राहतो तेथून त्याला जें दिसतें, तेंच तो प्रामाणिकपणें सांगतो. पासंग बहुधा माणसाच्या मनांत नसून त्याच्या उभें राहण्याच्या जागेंत असतो.

सरकारी आंकड्याला दुसऱ्या आंकड्यानें ताडून पाहावें, हा विचार ज्यांनीं आपल्याकडे रुजविला त्यांत आमच्या गांवच्या एका सुपुत्राचें नांव अग्रभागीं आहे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजीं निफाड येथें झाला. पुण्याची सार्वजनिक सभा 1870 सालीं स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षीं पुण्यास आलेले रानडे तिचे मार्गदर्शक झाले. 1876 ते 1878 च्या दुष्काळांत सभेनें आपलीं माणसें जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवून पिकांची व लोकांच्या स्थितीची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढें मांडली. सरकारच्या दप्तराबाहेरची ही दुसरी नजर होती. दोन वेगळ्या नजरा एकाच गोष्टीकडे वळविल्या म्हणजे निदान त्यांच्यांतला फरक तरी उघड होतो, हें त्या कामाचें मोठें फळ होय.

मात्र दोन नजरा असल्या तरी त्या दोन्ही नजराच. त्यांच्यांत तंटा पडला तर निवाडा कसा करावा? हा प्रश्न 1918 सालीं खेडा जिल्ह्यांत पेटला. खेडा त्या वेळीं आपल्या नाशिकप्रमाणेंच मुंबई इलाख्यांत होता. 1917 च्या अतिवृष्टीनें तेथील पिकाचें नुकसान झालें होतें. पीक चार आण्यांहून कमी असेल तर त्या वर्षाचा सारा तहकूब व्हावा, असा नियम. सरकारी आणेवारी म्हणे, पीक चार आण्यांच्या वर आहे. शेतकरी म्हणत, खालीं आहे. भारत सेवक समाजातर्फें गोपाळ कृष्ण देवधर, नारायण मल्हार जोशी आणि अमृतलाल ठक्कर यांनीं तेथें जाऊन चौकशी केली. गांधीजींनींही गांवोगांव तपास केला. अखेर 22 मार्च 1918 रोजीं नडियाद येथें सत्याग्रहाची घोषणा झाली, आणि जूनमध्यें तडजोड होऊन तो संपला. गरीब शेतकऱ्याला सवलत मिळाली. पण पीक चार आण्यांच्या वर होतें कीं खालीं, हा मूळ प्रश्न मापानें सुटलाच नाहीं. कारण तें माप त्या वेळीं कोणाच्याच हातीं नव्हतें. हजारों कुटुंबांची अब्रू आणि गुरेंढोरें एका आण्याच्या फरकाला टांगलेलीं होतीं, आणि तो आणा मोजण्याचें साधन नव्हतें.

हें मला इतकें जवळचें वाटण्याचें कारण घरचेंच आहे. मी शाळेंत जाणारा पोर होतों. त्या वर्षीं पाऊस एका शिवारांत पडला आणि शेजारच्या शिवारांत पडला नाहीं, असें झालें. पाहणीला एक साहेब आले. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली, कारण पुढें गाडीवाट चिखलाची होती. रस्त्यालगत विहीर, आणि विहिरीखालीं भरघोस ज्वारी. साहेबांनीं ती पाहिली, वहींत कांहीं लिहिलें. माझे वडील हात जोडून म्हणाले, “साहेब, जरा आंत चला. टेकाडापलीकडे आमचीं वावरें आहेत.” साहेब कांहीं वाईट नव्हते. त्यांना त्या दिवशीं आणखी सात गांवें करावयाचीं होतीं. ते म्हणाले, “बाबा, मी सातही गांवें पाहतों आहें. एका वावरानें काय होणार?” आणि गाडी निघाली. सातही गांवीं रस्ता विहिरीजवळूनच जात होता, हें त्या सद्गृहस्थांच्या ध्यानीं आलें नाहीं. वडिलांनीं त्या वर्षीं बैलजोडींतला एक बैल विकला. तो दावणीवरून सुटला तेव्हां आई घरांत जाऊन बसली होती, एवढें मला आठवतें.

पुढें मी मास्तर झालों आणि हा प्रसंग मुलांना गणितानें समजावून सांगण्याची एक युक्ति मला सुचली. ती तुम्ही घरीं करून पाहा. एका शेताचे पांच सारखे तुकडे आहेत असें समजा. त्यांत अनुक्रमें 8, 10, 12, 14 आणि 26 किलो धान्य आलें. शेवटचा तुकडा विहिरीजवळचा. बेरीज 70, म्हणजे खरी सरासरी 14. आतां हे पांच आंकडे पांच चिठ्ठ्यांवर लिहून टोपींत टाका, न पाहतां दोन काढा आणि त्यांची सरासरी मांडा. दोन चिठ्ठ्यांच्या एकंदर दहा जोड्या होतात. त्यांच्या सरासऱ्या अशा येतात: 9, 10, 11, 17, 11, 12, 18, 13, 19 आणि 20. पाहा, किती थरथर आहे! एक मुलगा म्हणतो 9, दुसरा म्हणतो 20. वर्गांत हशा पिकत असे. पण या दहाही सरासऱ्यांची सरासरी काढा. ती बरोबर 14 येते. प्रत्येक जोडी चुकते, पण चुका दोन्ही बाजूंना वांटलेल्या आहेत. म्हणजे थरथर आहे, पासंग नाहीं.

आतां दोनऐवजीं तीन चिठ्ठ्या काढा. पुन्हां दहा प्रकार होतात. सरासऱ्या आतां 10 पासून 17 आणि एक तृतीयांशापर्यंतच फिरतात, आणि त्यांची सरासरी पुन्हां 14. नमुना वाढला, थरथर कमी झाली. हा झाला शास्त्राचा शुभ भाग.

यानंतर मी मुलांना सांगत असें, “आतां आपण साहेबांची गाडी आणूं.” नियम असा कीं विहिरीजवळची 26 ची चिठ्ठी प्रत्येक वेळीं हातांत आलीच पाहिजे, दुसरी हवी ती घ्या. आतां जोड्या चारच: सरासऱ्या 17, 18, 19 आणि 20. मुलें एकदम गप्प होत. चौघांचें किती एकमत! कोणीही 17 च्या खालीं नाहीं, कोणीही 20 च्या वर नाहीं. टोपींतून काढणारीं मुलें आपसांत भांडत होतीं. हे चौघे खांद्याला खांदा लावून उभे आहेत. आणि चौघेही चुकीचे. खरी सरासरी 14, यांची साडेअठरा. ज्याला खरा आंकडा ठाऊक नाहीं तो या चौघांवरच विश्वास ठेवील, कारण एकमत हें सत्यासारखें दिसतें. त्या सातही गांवांच्या पाहण्या एकमेकींशीं जुळल्या असतील, आणि जुळल्या म्हणूनच त्या खऱ्या मानल्या गेल्या असतील.

कधीं कधीं चिठ्ठ्या अगदीं न्यायानें काढल्या तरी आपण जो आंकडा त्यांतून काढतों त्या आंकड्यालाच पासंग असतो. टोपींतल्या दहा जोड्यांत मोठी चिठ्ठी कोणती आली तें मांडा, आणि त्यावरून शेतांतल्या सर्वोत्तम तुकड्याचा अंदाज करा. त्या दहा मोठ्या आंकड्यांची सरासरी येते 18. खरा सर्वोत्तम तुकडा 26 चा. नमुन्यांतला उच्चांक खऱ्या उच्चांकाच्या वर कधींच जाऊं शकत नाहीं, खालीं मात्र पुष्कळदां राहतो. म्हणून चिठ्ठी न्यायाची होती कां, याबरोबरच चिठ्ठींतून काय काढलें, हेंही विचारावें लागतें.

आपल्या देशांत ही टोपी शेतावर प्रथम नेण्याचें श्रेय जॉन हबॅक या मुलकी अधिकाऱ्याला जातें. 1923 ते 1925 या काळांत त्यानें बिहार व ओरिसा प्रांतांत भाताचें उत्पन्न मोजतांना मापाच्या जागा नजरेनें न निवडतां दैवगतीनें निवडल्या, आणि त्याचा वृत्तान्त 1927 सालीं प्रसिद्ध झाला. हाच हबॅक पुढें 1936 सालीं ओरिसाचा पहिला गव्हर्नर झाला. त्याचा विचार साधा पण क्रांतिकारक होता. अनुभवी अधिकाऱ्याची नजर कितीही कसलेली असो, जागा निवडण्याचें काम तिच्याकडे देऊं नये. तें चिठ्ठीकडे द्यावें. कारण चिठ्ठीला रस्ता ठाऊक नसतो, विहीर ठाऊक नसते, वसुलीही ठाऊक नसते.

यानंतर दोन धारा वाहूं लागल्या. एक कलकत्त्यास. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं 1931 सालीं तेथें भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती. बंगालमध्यें कायमधाऱ्याची पद्धति असल्यानें आपल्यासारखे गांवचे तपशीलवार दप्तर नव्हतें, तेव्हां तागाचें क्षेत्र व उत्पन्न दोन्ही नमुन्यानेंच काढणें भाग होतें. 1937 पासून लहान प्रमाणावर आरंभ करून 1941 पर्यंत त्यांनीं सारा प्रांत व्यापला. दुसरी धारा मध्यभारतांत व दिल्लीस, आणि ती दोघां मराठी माणसांच्या हातीं होती. विनायक गोविंद पानसे हे इंदूरच्या कापूस संशोधन संस्थेंतले. त्यांनीं 1942 च्या सुमारास वऱ्हाडांत अकोला जिल्ह्यांत कापसाच्या उत्पन्नाची नमुना-पाहणी चालविली. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे, जन्म 27 जुलै 1911. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत शिकले, लंडनला डॉक्टरेट मिळवून परत आले, आणि 1940 सालीं सरकारच्या कृषि संशोधन मंडळांत दाखल झाले. या दोघांनीं मिळून शेतकी कार्यकर्त्यांसाठीं संख्याशास्त्राचें जें पुस्तक लिहिलें तें 1954 सालीं निघालें, आणि पुढें कित्येक पिढ्या शेतकी कॉलेजांतून शिकविलें गेलें.

या दोन धारांमध्यें एक वाद झाला, आणि आपल्या विषयाचें मर्म त्या वादांत आहे. प्रश्न असा होता: चिठ्ठीनें शेत निवडलें, शेतांतली जागाही चिठ्ठीनें निवडली, आतां तेथें किती मोठा तुकडा कापावयाचा? लहान तुकडा कापला तर वेळ व पैसा वांचतो, आणि त्याच खर्चांत पुष्कळ ठिकाणीं कापणी करतां येते. पुष्कळ ठिकाणें म्हणजे थरथर कमी. हें कलकत्त्याच्या पद्धतीचें बळ होतें. सुखात्म्यांनीं विचारलें, थरथर कमी झाली, पण पासंगाचें काय? संयुक्त प्रांतांत मुरादाबाद जिल्ह्यांत 1944-45 च्या गव्हावर त्यांनीं तपास केला. त्याच शेतांतून लहानमोठ्या मापांचे तुकडे कापले, आणि मग उरलेलें सबंध शेत कापून खरें उत्पन्न काढलें. निष्कर्ष असा निघाला कीं तुकडा जितका लहान, तितका अंदाज खऱ्याहून फुगलेला. आणि तुकडा मोठा होत गेला तसतशी ती फूग ओसरत गेली. 1946 सालीं ‘नेचर’ या इंग्रजी साप्ताहिकांत त्यांनीं हें प्रसिद्ध केलें.

हें कां घडतें तें कागदावर करून पाहण्यासारखें आहे. दोन फूट त्रिज्येचें वर्तुळ घ्या. त्याचें क्षेत्र सुमारें साडेबारा चौरस फूट. कापणारा माणूस त्याच्या कडेवर वांकतो. कडेवरचें रोप आंतलें कीं बाहेरचें? भरलेली लोंबी टाकवत नाहीं. हात पुढें जातो. समजा, तो चोहों बाजूंनीं फक्त तीन इंच पुढें गेला. वर्तुळाची त्रिज्या सव्वादोन फूट झाली, आणि क्षेत्र शेंकडा साडेसव्वीसनें वाढलें. आतां 33 फूट लांब व साडेसोळा फूट रुंद असा अर्ध्या गुंठ्याचा तुकडा घ्या. तेथेंही माणूस चोहोंकडे तीन इंच पुढें गेला. क्षेत्र वाढलें शेंकडा साडेचारच्या आसपास. हात तोच, लोभही तोच. पण लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानानें कड फार. अशीं हजार वर्तुळें कापलीं तर हजारांची सरासरी अगदीं स्थिर येईल, आणि ती स्थिरपणें एक चतुर्थांश जास्त सांगेल. तागडीचा पासंग म्हणतात तो हाच. सरकारी कापणींत पुढें मोठा तुकडा रूढ झाला, तो याच कारणानें.

तरी या वादांत एका पक्षाचा जय आणि दुसऱ्याचा पराजय झाला असें म्हणणें अन्यायाचें होईल. पासंग ओळखण्याची एक सुरेख रीति कलकत्त्यानेंच दिली. एकच प्रदेश दोन स्वतंत्र पथकांनीं मोजावा, दोघांचे नमुने वेगळे, पण दोन्ही चिठ्ठीनेंच काढलेले. मग दोन्ही आंकडे समोरासमोर ठेवावे. अंतर थरथरीच्या मानाबाहेर असेल तर कोठें तरी हात पुढें जात आहे असें समजावें. सार्वजनिक सभेनें सरकारी दप्तरासमोर आपली माहिती ठेवली, त्या हेतूला येथें शास्त्राचें रूप आलें. मात्र दोन्ही पथकांचा पासंग एकाच बाजूचा असेल, तर ही रीतिही मुकी राहते. तेथें सुखात्म्यांसारखें सारें शेत कापून पाहण्यावांचून गत्यंतर नसतें.

हा सारा इतिहास झाला म्हणून तो संपला असें समजूं नका. आणेवारीला पुढें पैसेवारी हें नांव आलें. 2016 पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत नुकसान-भरपाई ठरविण्यासाठीं पीक कापणीचे प्रयोग वापरले जातात. गांव चिठ्ठीच्या न्यायानें, गट नंबर चिठ्ठीच्या न्यायानें. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून किती पावलें लांबीकडे आणि किती रुंदीकडे जावयाचें, तेंही यादृच्छिक संख्येनें. माझ्या वडिलांनीं हात जोडून जें मागितलें होतें, तें आज नियमांत लिहिलेलें आहे: साहेबांनीं रस्त्यावर थांबावयाचें नाहीं, संख्या नेईल तेथें आंत जावयाचें. हा केवढा पालट आहे!

पण दोन्ही चुका अजून जाग्या आहेत. जिल्हा हा घटक धरला तर योजनेच्या नियमानें एका पिकाला निदान 24 प्रयोग, तालुक्याला 16, महसूल मंडळाला 10. घटक लहान केला म्हणजे दूरच्या गांवचा पाऊस आपल्या माथीं येत नाहीं, हें चांगलेंच. परंतु प्रयोग थोडे झाले म्हणजे थरथर वाढते. दहा शेतांच्या सरासरीवर मंडळांतल्या हजार शेतकऱ्यांचा निर्णय होतो, तेव्हां एखादें विहिरीजवळचें शेत चिठ्ठींत आलें कीं सारा कौल फिरूं शकतो. हा कोणाचा अपराध नाहीं. ही थरथर आहे, आणि तिचा उपाय प्रयोग वाढविणें हाच. उलट, चिठ्ठींत आलेलें शेत अडचणीचें म्हणून कोणी शेजारचें सोयीचें शेत कापलें, तर तो पासंग झाला. आणि मग दहाचे शंभर प्रयोग केले तरी तो जावयाचा नाहीं. म्हणून गांवांत कापणीचा प्रयोग असेल त्या दिवशीं शेतकऱ्यानें तेथें हजर राहावें आणि कोणता गट नंबर निघाला होता एवढें विचारावें, असें मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत असतों.

आणि द्राक्षें? आमच्या तालुक्याचें खरें धन तें. त्यांचा विमा हवामानावर आधारलेला आहे. पाऊस किती पडला, पारा किती उतरला, हें मंडळांतल्या हवामान केंद्राच्या यंत्रावरून ठरतें. म्हणजे शेवटीं आपण फिरून आरंभींच्याच जागीं आलों. नदीकांठच्या खोलगट बागेंत थंडी सांचून राहते, उंचावरच्या बागेंत ती कमी भासते. यंत्र मात्र एकाच जागीं उभें असतें. तें यंत्र प्रामाणिक आहे. तें रोज मोजतें, चुकत नाहीं, थकत नाहीं. त्याच्या हाताला थरथर नाहीं. म्हणूनच तें कोठें उभें केलें आहे, हा प्रश्न अधिक काळजीनें विचारला पाहिजे.

श्रोतेहो, येत्या हिवाळ्यांत निफाडच्या पाऱ्याची बातमी तुम्ही ऐकाल, तेव्हां शाल जरूर सांवरा. पण त्याबरोबर तीन प्रश्न मनाशीं विचारा. हें कोठें मोजलें? कितींदां मोजलें? आणि मोजण्याची जागा कोणीं निवडली? दुसऱ्या प्रश्नानें थरथर कळते, पहिल्या आणि तिसऱ्यानें पासंग. वर्तमानपत्रांतला भाव असो, निवडणुकीचा अंदाज असो, कीं मुलांच्या परीक्षेचा निकाल असो, हे तीन प्रश्न सगळीकडे चालतात. हे प्रश्न माझ्या वडिलांना ठाऊक होते. ते आंकड्यांत मांडण्याची विद्या त्यांच्याजवळ नव्हती. ती आतां आपल्याजवळ आहे.